रिव्ह्यू वाचला आणि गेमची मजाच गेली! तुमचंही असं होतं का?

निशाचर_नाशिक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मित्राने पीएस५ (सोनीचा नवा प्लेस्टेशन कन्सोल) घेतला, त्याचा जुना पीएस४ मी उचलला. सोबत सीड्यांचा गठ्ठा आला, त्यात ‘डेज गॉन’ होता. नाव ऐकलेलं नव्हतं, ट्रेलर बघितलेला नव्हता. मुलगी झोपली की हेडफोन लावून बसायचं. अमेरिकेतलं ऑरेगन, पाऊस, चिखल, घाटातले रस्ते आणि एक खटारा मोटरसायकल. त्या गाडीला चक्क पेट्रोल लागतं! एका रात्री टाकी कोरडी पडली, गाडी उतारावरून नुसती घरंगळत आणली, आणि वळणावर बघतो तर फ्रीकरांची (म्हणजे त्यातले झोंबी) अख्खी झुंड रस्ता ओलांडतेय. गाडी तिथेच सोडून झुडपात बसलो. गेमचा हीरो डीकन दबा धरून बसला होता आणि इकडे मीही श्वास रोखून बसलो होतो.

मग एका मिशनमध्ये अडकलो म्हणून नेटवर शोधायला गेलो आणि तिथे रिव्ह्यू वाचत बसलो. २०१९ चा गेम, मेटाक्रिटिकवर (सगळ्या रिव्ह्यूंची मिळून सरासरी काढणारी साइट) शंभरपैकी ७१. तेच तेच काम, नको तितका लांबवलेला, हीरो सतत स्वतःशी बडबडतो, असा एकंदर सूर. झालं! आता डीकन काही पुटपुटला की माझं लक्ष नेमकं तिकडेच जातं. टोळीचा तळ साफ करायला गेलो की मनात येतं, अरे, हे तर परवाच केलं की. आधी हेच करताना जाम मजा येत होती.

तर प्रश्न असा, की गेम मुळातच रटाळ होता आणि मला कळत नव्हतं, की रिव्ह्यूंनी माझी वाट लावली? तुम्ही रिव्ह्यू आधी वाचता, मध्ये वाचता, की वाचतच नाही?

खारीबिस्कीट

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. धागा शंभरी गाठणार.

जॉयस्टिक_जोशी

आता सगळे येऊन सांगतील, ‘लोकांचं ऐकू नका, स्वतः ठरवा’. सांगणाऱ्यांनी आधी पैसे द्यावेत. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. पाच हजार घालून ‘स्वतः ठरवायचं’ आणि नाही आवडला तर काय, ताकात घालून प्यायचा? स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) निदान १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, तेही २०१५ पासून. प्लेस्टेशनवाल्यांना ती सोय नाही. मी रिव्ह्यू वाचतो, भरपूर वाचतो, आणि त्याची अजिबात लाज वाटत नाही.

बाकी आमच्या काळी रिव्ह्यू नावाची भानगडच नव्हती. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं, प्लास्टिकच्या पिशवीतल्या सीड्या चाळायच्या, कव्हरवर चित्र कोणतं ते बघायचं. दुकानदाराचं मत एकच, ‘ले जाओ, ग्राफिक्स एकदम मस्त है’. प्रत्येक गेमबद्दल हेच. आपला प्रश्नही एकच, ‘पेंटियमवर चालेल का?’ जो चालेल तो गेम चांगला! नंतर ‘डिजिट’ मासिकाबरोबर गेमवरचं ‘स्कोअर’ यायला लागलं तेव्हा कळलं की गेमला दहापैकी मार्कही देतात.

मुंग्या

काका, ती सीडी ओरिजिनल होती का? :फिदी:

जॉयस्टिक_जोशी

@मुंग्या, पुढचा प्रश्न विचारा.

प्राजक्ता_के

निशाचर, तुम्ही विचारलंय त्याच गोष्टीवर प्रयोग झालाय. २०१० साली टेक्सासच्या एसएमयू गिल्डहॉलमध्ये (गेम बनवायला शिकवणारी संस्था) ईईडीएआर नावाच्या गेम बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीबरोबर तो केला होता. गेम ‘प्लँट्स व्हर्सेस झोंबीज’. एका गटाला खेळण्याआधी भरभरून कौतुक करणारे रिव्ह्यू दाखवले, दुसऱ्याला नाकं मुरडणारे, तिसऱ्याला काहीच नाही. मग सगळ्यांना तोच गेम खेळायला दिला आणि मार्क द्यायला सांगितले. कौतुक वाचलेल्यांनी सर्वांत जास्त मार्क दिले, टीका वाचलेल्यांनी सर्वांत कमी, आणि कोरी पाटी घेऊन आलेले मधे. शेवटी विचारलं, हा गेम फुकट नेता की दहा डॉलर रोख? चांगले रिव्ह्यू वाचलेल्यांपैकी गेम नेणारे कितीतरी जास्त निघाले. म्हणजे नुसतं तोंडदेखलं मत बदललं असं नाही, रोख रकमेवर पाणी सोडण्याइतकं बदललं.

गाण्यांवरचा प्रयोग तर प्रसिद्धच आहे. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स, २००६. चौदा हजारांवर लोक आणि कोणीच न ऐकलेल्या बँडची ४८ गाणी. लोकांचे वेगवेगळे गट पाडले. काही गटांत कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसायचं, एकात दिसत नव्हतं. जिथे दिसायचं तिथे हिट गाणी अजून हिट झाली, पण प्रत्येक गटात हिट होणारी गाणी वेगळीच! अगदी उत्तम गाणी सहसा पडली नाहीत आणि अगदी टुकार सहसा चालली नाहीत, मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

‘डेज गॉन’ म्हणजे तेच मधलं गाणं. ७१ मार्क.

सातारी_कंदील

प्राजक्ताताई, प्रयोग मान्य, पण गाणं तीन मिनिटांचं असतं आणि ‘प्लँट्स व्हर्सेस झोंबीज’ त्या लोकांनी असून असून किती वेळ खेळला असेल? हा गेम तीस-चाळीस तासांचा आहे. इतका वेळ दुसऱ्याच्या मतावर कोणी हसू-रडू शकत नाही. सिनेमाचं एक वेळ ठीक आहे, शेजारचा हसला की आपण हसतो. गेममध्ये हात आपले असतात. गाडी वळवताना मजा येते की नाही हे अंगठ्याला कळतं, त्याला मेटाक्रिटिक वाचता येत नाही.

प्राजक्ता_के

अंगठ्याला कळतं, पण आज कन्सोल लावायचा की नाही हे अंगठा ठरवत नाही ना! निशाचरांचा गेम तिथेच अडकलाय असं वाटतं.

निशाचर_नाशिक

@प्राजक्ता, अगदी. खेळायला बसलो की अजूनही बरं वाटतं. बसायचीच इच्छा कमी झाली.

रा_रा_गेमर

माझा अनुभव नेमका उलटा. मला शिव्या वाचून त्रास होत नाही, कौतुक वाचून होतो.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’. २०१८, मेटाक्रिटिक ९७. ज्याला त्याला विचारा, डोळ्यांत पाणी आणून सांगणार. घेतला. घोड्याला खरारा करा, हरण मारा, त्याचं कातडं सोला (तेही पूर्ण, हळूहळू, आपला हीरो आर्थर गुडघ्यावर बसून सोलतोय आणि आपण बघतोय), मग ते खांद्यावरून घोड्यावर टाका, छावणीत आणा. तंबूतून चालायला लागलो की आर्थर लग्नात अक्षता टाकायला निघाल्यासारखा संथ चालतो. मला कंटाळा आला. पण मी तसं म्हणेना! ९७ मिळालेला गेम मला रटाळ वाटतो म्हणजे माझ्यातच खोट असणार. कामावरून दमून येतो म्हणून असेल, टीव्ही लहान आहे म्हणून असेल. महिनोन्‌महिने रेटत राहिलो. ७१ वाला गेम सुखाने अर्ध्यात सोडता येतो हो, ९७ वाला सोडता येत नाही. अजून तो ‘चालू आहे’ असंच सांगतो सगळ्यांना.

ओंकार_पीसीवाला

आर्थर मॉर्गन रटाळ?? ॲडमिन, या आयडीला बॅन करा.

सातारी_कंदील

+१ बॅनला. आणि टीव्ही बदला.

खारीबिस्कीट

रा_रा, मी तुमच्या बाजूने. मला तर घोड्याची लीद पण जास्तच बारकाईने दाखवलीय असं वाटलं. आता मलाही बॅन करा.

हेमांगी

इथे कोणीतरी पडद्यामागचं सांगायला हवं. मी काही काळ एका वेबसाइटसाठी गेमचे रिव्ह्यू लिहायचे. नाव सांगत नाही, आता ती बंदही पडली.

गेम हातात यायचा रिलीजच्या काही दिवस आधी. ‘एम्बार्गो’ म्हणजे अमुक तारखेला अमुक वाजता छापायचं, त्याआधी नाही. आणि त्या मिनिटाला तुमचा रिव्ह्यू आला नाही तर नंतर कुत्रंही वाचत नाही. म्हणजे चाळीस तासांचा गेम चार-पाच दिवसांत संपवायचा. सकाळी चहा घेऊन बसायचं, दुपारी पोळीभाजीचा रोल एका हातात, रात्री दोन वाजता डोळे चुरचुरत शेवटचा बॉस (सगळ्यात तगडा शत्रू). अशा वेळी सातवा तळ साफ करायला लागला की माणूस काय लिहिणार? ‘तेच तेच काम’ असंच लिहिणार! आणि ते खोटं नसतं. त्याने जसा खेळला तसा तो तेच तेच होता.

निशाचर पोर झोपल्यावर तासभर खेळतात. त्यांनी आज एक तळ साफ केला, पुढचा परवा. हा वेगळाच गेम आहे. मोकळ्या जगाचे सगळेच लांबलचक गेम रिव्ह्यूत या एका कारणाने मार खातात असं माझं मत झालंय, आणि सहा तासांचे नेटके गेम थोडे जास्त मार्क घेऊन जातात. कुणी पैसे चारलेले नसतात, घड्याळ असतं.

जॉयस्टिक_जोशी

हेमांगी, चांगला मुद्दा. पण पैसे चारण्याचं इतकं सहज उडवू नका. गेमस्पॉट या साइटवर रिव्ह्यू लिहिणाऱ्या जेफ गर्स्टमनची गोष्ट जुने लोक विसरलेले नाहीत. २००७. ‘केन अँड लिंच’ला दहापैकी ६ मार्क दिले, त्याच गेमच्या जाहिराती साइटभर झळकत होत्या, आणि गडी नोकरीवरून गेला. खरं कारण तो उघडपणे बोलला थेट २०१२ मध्ये. पैसे चारले नाहीत, मान्य. डोळे वटारले ना?

हेमांगी

जोशीकाका, ते आहेच. मी नाकारत नाही. माझ्या पातळीला वटारायला कोणी डोळेही आणले नाहीत इतकंच. आमचं मानधन ऐकलंत तर तुम्हीच वर्गणी काढाल.

ओंकार_पीसीवाला

रिव्ह्यूचा आणखी एक घोळ म्हणजे तो रिलीजच्या दिवशी गोठतो आणि गेम पुढे जातो.

‘सायबरपंक २०७७’ घ्या. १० डिसेंबर २०२०. रिलीजआधी पत्रकारांना फक्त पीसीची कॉपी दिली, पहिल्या रिव्ह्यूंत स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेजही वापरू दिलं नाही. मेटाक्रिटिकवर नव्वदीच्या घरात मार्क. मग लोकांनी तो साध्या पीएस४ वर लावला आणि बोंब उठली. आठवडाभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, परत आला तो जून २०२१ मध्ये. म्हणजे एका गेमचे दोन रिव्ह्यू, दोन्ही आपापल्या जागी बरोबर!

मी पीसीवर खेळलो, २०२३ चा २.० अपडेट आल्यावर. माझ्यासाठी अलीकडच्या काळातला सगळ्यात भारी गेम. पण ऑफिसातल्या मित्राला म्हटलं, घे, सेलमध्ये आहे, तर तो हसला. ‘तो बग वाला ना?’ त्याच्या डोक्यात डिसेंबर २०२०च चालू आहे. ‘नो मॅन्स स्काय’चंही तेच. २०१६ ला शिव्याशाप, मग वर्षानुवर्षं फुकट अपडेट, आणि २०२४ मध्ये स्टीमवर एकूण मत ‘व्हेरी पॉझिटिव्ह’पर्यंत चढलं. जुने निगेटिव्ह रिव्ह्यू तिथेच आहेत, त्यांच्यावर माती टाकत टाकत वर यावं लागलं.

सुलभाताई

मी गेम खेळत नाही, तरी लिहिते. मुलगा आठवीत आहे.

तो फोनवर ‘फ्री फायर’ खेळायचा. माझा जुना फोन, साधाच, त्यावर तेवढंच चालायचं. चांगला रमायचा, ठरलेल्या वेळेत बंदही करायचा. मग नवीन क्लास लागला. तिथली मुलं म्हणाली, ‘फ्री फायर? ते छपरी लोक खेळतात. खरे प्लेअर बीजीएमआय (म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार) खेळतात.’ तेव्हापासून फ्री फायर उघडत नाही. बीजीएमआय त्या फोनवर अडकत अडकत चालतं, तो सारखा मरतो, चिडतो, फोन आपटतो. मी म्हटलं, अरे तुला ते पहिलं आवडत होतं ना? तर म्हणे, ‘आई, तुला कळत नाही, ते आवडून चालत नाही.’

तुमच्या वेबसाइटी आणि मार्क तरी बरे. या क्लासमधल्या रिव्ह्यूचं काय करायचं?

मुंग्या

काकू, हे खरंय. आमच्या कॉलेजला पण आहे. फ्री फायर कमी रॅमच्या फोनवर चालतं म्हणून ते गरिबांचं, असं सरळ गणित आहे. गेमपेक्षा फोनची लायकी काढतात. मी पण हसायचो इतरांना, खोटं कशाला बोलू. गेम म्हणून फ्री फायर वाईट नाहीये, दहा मिनिटांत मॅच संपते, बसच्या रांगेत उभं राहून होते.

सातारी_कंदील

‘ते आवडून चालत नाही’. बास, धाग्याचं शीर्षक हेच ठेवा.

सुलभाताई, मोठ्यांतही हेच चालतं, फक्त शब्द वेगळे. ‘एल्डन रिंग’ खेळताना मी मदतीला भुतं बोलावतो (गेमनेच ती सोय दिलीय, चोरी नाही), तर ओळखीतले दोघे सांगतात की तू तो गेम ‘खरा’ खेळलाच नाहीस. मी बॉस मारला, नाचलो, आणि मग कळलं की माझा आनंद ग्राह्य धरला जाणार नाही.

हेमांगी

त्यात गेमवालेही कमी नाहीत. १९९२ च्या ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’त सगळ्यात सोपी पातळी निवडली की हीरोचा फोटो यायचा तो टोपडं घातलेला, तोंडात चोखणी! आणि त्या पातळीचं नाव, ‘बाबा, मी खेळू का?’ माझ्या दादाने मला कायम तीच लावून दिली. मी पुढे दादाला हरवलं ही गोष्ट वेगळी.

विंचूरकर

विषय रिव्ह्यूचा चाललाय तर आपल्या लोकांच्या रिव्ह्यूंवर कोणी बोलणार की नाही? २०१७ आठवा. स्नॅपचॅटच्या मालकाने भारताला गरीब म्हटलं अशी बातमी आली (कंपनीने ती नाकारली), लोक खवळले, आणि रागाच्या भरात १ तारा दिला कुणाला, तर स्नॅपडीलला! बिचारे दिल्लीचे, साड्या-कुकर विकणारे.

‘फौजी’ या आपल्या मोबाइल गेमचंही तसंच झालं. २६ जानेवारी २०२१ ला आला. आधी पब्जीवर बंदी आलेली, त्यामुळे लोकांनी ह्यालाच पब्जी समजून उतरवून घेतला. निघाली हाणामारी, त्यात बॅटल रॉयल (शेवटपर्यंत उरेल तो जिंकला, तो पब्जीवाला प्रकार) नाही. प्ले स्टोअरवरचं रेटिंग बघता बघता गडगडलं. गेम तसा बेताचाच होता, पण निम्मे १ तारे तो ‘पब्जी नव्हता’ या गुन्ह्याबद्दल होते.

ओंकार_पीसीवाला

याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. पण सगळंच वाईट नसतं हं. ‘हेलडायव्हर्स २’, मे २०२४. सोनीने सांगितलं, पीसीवाल्यांनीही पीएसएन (प्लेस्टेशन नेटवर्क) खातं जोडायलाच हवं. कित्येक देशांत पीएसएन मिळतच नाही! दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले आणि सोनीने निर्णय मागे घेतला. तो रिव्ह्यू नव्हता, मोर्चा होता, आणि मोर्चा यशस्वी झाला.

प्राजक्ता_के

मोर्चा मान्य. पण मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी जो नवा माणूस स्टीमवर येऊन बघतो, त्याला गेम कसा आहे हे कुठून कळणार? ‘लास्ट ऑफ अस पार्ट टू’च्या वेळी (जून २०२०) गेम आल्यावर काही तासांतच मेटाक्रिटिकवर शून्यांचा पाऊस पडला. इतक्या वेळात तो संपवणं अशक्यच. म्हणून मग मेटाक्रिटिकने नियम केला, गेम आल्यावर ३६ तास प्रेक्षकांनी मार्क द्यायचे नाहीत.

‘सिल्कसाँग’ या गेमचं उदाहरण मला जास्त आवडतं. सप्टेंबर २०२५ ला आला, जगभर कौतुक, पण चिनी भाषेतले रिव्ह्यू बहुतेक निगेटिव्ह. कारण चिनी भाषांतर वाचवेना. आता स्टीम भाषेनुसार वेगळं मत दाखवतं म्हणून हे दिसलं तरी. सगळ्यांची सरासरी काढली असती तर चिन्यांचा रास्त राग इंग्रजीत खेळणाऱ्याच्या गळ्यात पडला असता.

पिक्सेल_पिंपरीकर

बराच वेळ नुसता वाचत होतो. मी मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये काम करतो, पुण्यातच. आमच्याकडून दोन शब्द.

प्ले स्टोअरवर रेटिंग ४ च्या खाली आलं की आमच्या ऑफिसात सुतक असतं. डाउनलोड घसरतात, मग कोणी बघत नाही की गेममध्ये काय सुधारलंय. म्हणून ‘आम्हाला रेटिंग द्या’ ही खिडकी कधी दाखवायची यावर आमच्या मीटिंगा होतात. नियम साधा: माणूस नुकताच जिंकलेला असताना. हरल्यावर दाखवलीत तर मेलात. म्हणजे तुम्ही जे ४.४ बघून गेम उतरवून घेता, ते विजयी माणसांचं मत असतं. आणि १ ताऱ्याखाली काय लिहिलेलं असतं? ‘नेट गेल्यावर चालत नाही.’ ‘भावाने डिलीट केला.’ एकाने ‘खूप छान गेम’ लिहून १ दिला होता. कदाचित पहिला नंबर समजला असेल.

मोठ्यांकडेही हेच. ‘फॉलआउट न्यू व्हेगास’, २०१०. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस, असा करार. मिळाले ८४! हे त्यांच्याच ख्रिस ॲव्हेलोनने २०१२ मध्ये ट्विटरवर सांगितलं. एका मार्काने लोकांचा बोनस गेला, आणि आज तो गेम लोक त्या मालिकेतला सर्वोत्तम म्हणून डोक्यावर घेतात.

राहवत नाही म्हणून आणखी एक. ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, २०२०. किकस्टार्टरवर पैसे जमले नव्हते, तरी रेटून पूर्ण केला. राजस्थानी वाडे-किल्ले, पहाडी चित्रशैली, दुर्गेने शस्त्र दिलेली डोंबाऱ्याची पोर. गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या गटात नामांकन होतं. परदेशी रिव्ह्यू मला रास्त वाटले: दिसायला देखणा, मारामारी कच्ची, लवकर संपतो. पण आपल्याकडे दोनच पंथ. ‘आपला आहे, पाच तारे द्या’ आणि ‘आपला आहे ना, मग बेकारच असणार’. दोन्ही पंथांतल्या कितीतरी जणांनी तो खेळलेलाच नव्हता. मारामारीत वार करून चटकन मागे फिरताना काय अडतं, यावर मराठीत कुणीतरी चार ओळी लिहाव्यात अशी माझी फार इच्छा होती. आमच्या धंद्याला त्याचा उपयोग असतो.

रा_रा_गेमर

पिक्सेल, उत्तम प्रतिसाद. ‘राजी’ मी खेळलोय. भिंतीवरून पळत जाऊन खांबाला गिरकी घेऊन मारायचं ते भारी आहे, पण गर्दी झाली की कॅमेरा इतका लांब असतो की आपली पोर कोणती तेच सापडत नाही. घ्या, दोनच ओळी झाल्या.

पिक्सेल_पिंपरीकर

दंडवत! मी त्या टीममध्ये नाही, पण तरी दंडवत.

खारीबिस्कीट

अवांतर: रेटिंगवरून आठवलं, आमच्या इथे एका मिसळीच्या गाडीला ४.८ आहे आणि रस्सा म्हणजे लाल पाणी. शेजारी विनारेटिंगवाला मामा, तिथे रांग. मी ४.८ वाल्याकडे खाऊन मामाकडे पुन्हा खातो.

विंचूरकर

कुठे? पत्ता टाका. गेम राहू द्या.

खारीबिस्कीट

विपू (विचारपूस, म्हणजे थेट निरोप) केलीय. इथे टाकलं तर उद्या मामाकडे जागा मिळणार नाही.

हेमांगी

मिसळीवर धागा गेला की परत येत नाही, म्हणून आधीच विचारते. निशाचर, गेमचं पुढे काय झालं? की तो तसाच पडलाय?

निशाचर_नाशिक

चालू आहे. तुमचा घड्याळाचा मुद्दा वाचून एक केलं. मुख्य गोष्टीतली मिशनं एका दिवशी, तळ साफ करायचे दुसऱ्या दिवशी, आणि मूड नसला की नुसती गाडी घेऊन भटकायचं. तेच तेच वाटणं बरंच कमी झालं. डीकनची बडबड मात्र गेली ती गेलीच. आता ती ऐकूच येते. रिव्ह्यूवाल्याने एकदा बोट दाखवलं की नजर हटत नाही. सातारी_कंदील म्हणतात तसं अंगठा अजून खूश आहे, कान नाही.

आणि हो, त्या झुंडींपैकी एक संपवली. पूल, पेट्रोल बॉम्ब, आणि मागे न बघता पळणं. मेटाक्रिटिकने काय मार्क दिलेत ते त्या वेळी आठवलं नाही.

जॉयस्टिक_जोशी

म्हणजे रिव्ह्यू बरोबरच होता की हो! सलग खेळलात तर तेच तेच, तुकड्याने खेळलात तर बरा. इतकं पथ्य पाळावं लागणाऱ्या गेमला ७१ हे रास्त मार्क आहेत.

हेमांगी

जोशीकाका, असं बघितलं तर ‘रेड डेड २’लाही पथ्य लागतं, आणि त्याला ९७.

रा_रा_गेमर

धन्यवाद ताई. धन्यवाद.

ओंकार_पीसीवाला

पुन्हा सुरू झालं. बाय द वे निशाचर, ‘डेज गॉन’ २०२१ मध्ये पीसीवर आला तेव्हा स्टीमवर लोकांनी उचलून धरला, ‘व्हेरी पॉझिटिव्ह’. २०२५ मध्ये पीएस५ साठी रीमास्टरही आला. आवडला असेल तर ‘मॅड मॅक्स’ बघा. तोही असाच सत्तरीच्या आसपासचा, आणि नशीब इतकं फुटकं की १ सप्टेंबर २०१५ ला ‘मेटल गियर सॉलिड ५’च्या बरोबरीने आला. गाडी, वाळू, वादळ, पेट्रोल. तुमच्यासाठीच बनवलाय.

निशाचर_नाशिक

बघतो. रिव्ह्यू वाचत नाही.

मुंग्या

मी वाचून सांगू का?

निशाचर_नाशिक

नको!!!

आरती_ठाणे

धागा आवडला. ‘मॅड मॅक्स’ची पीएस४ सीडी माझ्याकडे आहे, डब्याला तडा गेलाय पण सीडीला ओरखडा नाही. नाशिकला पुढच्या आठवड्यात येणं आहे, हवी असेल तर घेऊन येते. किंमत विपूत बोलू.

जॉयस्टिक_जोशी

खरेदी-विक्रीचा धागा वेगळा आहे, आरतीताई. पण ते म्हणाले नाही तर मला सांगा, मी ठाण्यातच असतो.